सोलापूर जिल्ह्यातील ग्रामीण शिक्षण आणि उपजीविका कार्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे मंडळ सोलापूर जिल्ह्यातील कोरडवाहू गावे, तांडे आणि वाड्यावस्त्यांवर मुलांच्या शिक्षणासाठी आणि त्यांच्या कुटुंबांच्या उपजीविकेसाठी काम करते. देणगीदार, महाविद्यालयीन तरुण, शिक्षक आणि गावकरी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्नच दोन वाक्यांत मिटणारे नाहीत.

इतके साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात गरिबांसाठी अशा कामाची गरज का भासते?

उजनी धरणाचे पाणी जिथे पोहोचले तिथे ऊस, केळी आणि द्राक्षे आली, पक्की घरे झाली आणि मुले अकलूज, पंढरपूर, बार्शीच्या महाविद्यालयांत जाऊ लागली. परंतु सोलापूर हा मुळात पर्जन्यछायेतील जिल्हा आहे. सांगोला, मंगळवेढ्याचा दक्षिण भाग, अक्कलकोट, करमाळा आणि बार्शीचा माळरानाचा पट्टा येथील पुष्कळ कुटुंबे आजही परतीच्या पावसावर येणाऱ्या रब्बी ज्वारीवर जगतात. हस्ताच्या पावसाने दगा दिला की ज्वारी जाते आणि तिच्याबरोबर जनावरांचा कडबाही जातो. घरात खायला आणि गोठ्यात घालायला एकाच वेळी काही उरत नाही, तेव्हा ते कुटुंब गाव सोडते. मंगळवेढ्याच्या पस्तीस गावांचा पाणीप्रश्न जिल्ह्यातील प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतो, त्यामागे हेच वास्तव आहे. एकाच तालुक्यात कालव्याच्या एका बाजूला समृद्धी आणि दुसऱ्या बाजूला स्थलांतर असे चित्र असल्यामुळे जिल्ह्याच्या सरासरी आकड्यांवरून या गावांची स्थिती कधीच कळत नाही.

शिक्षण आणि उपजीविका ही दोन कामे एकत्र का? एकच काम नीट का करत नाही?

आमच्या अनुभवात मूल शाळेतून गळते, त्याचे कारण बहुतेक वेळा शाळेत नसते, घरात असते. वडिलांनी ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, आई आजारी असते, शेळ्या राखायला दुसरे कोणी नसते किंवा धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी घरी थांबवली जाते. अशा मुलाला दप्तर, वह्या आणि गणवेश दिल्याने ते एखादा महिना आनंदाने शाळेत येईल, पण दिवाळीच्या सुमारास ट्रक आला की तेही आईवडिलांबरोबर जाईल. उलट केवळ उत्पन्नाचे काम करावे, तर वाढलेल्या उत्पन्नातून मुलीच्या शिक्षणावर खर्च होईलच अशी खात्री नसते. लग्न, जुनी देणी आणि दवाखाना यांचा क्रम आधी लागतो. म्हणून आम्ही कुटुंब हाच कामाचा घटक मानतो. ज्या घरातील मूल आमच्या अभ्यासवर्गात येते, त्याच घरातील आई बचत गटात असावी आणि त्याच घराला शेळी, शिलाईचे काम किंवा रोजगाराचा दुसरा आधार मिळावा, असा प्रयत्न असतो. यामुळे कामाचा पसारा कमी गावांपुरता राहतो, आणि तो तसाच राहावा असे आम्हाला मनापासून वाटते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी नेमके काय केले जाते?

आमच्या कामाचा हा गाभा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. पावसाळ्यातच मुकादम या जोडीला उचल देतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप हंगाम सुरू झाला की ती फेडण्यासाठी जोडी कारखान्याच्या तळावर जाते. मार्चपर्यंत, कधी एप्रिलपर्यंत, कुटुंब पाचट आणि ताडपत्रीच्या कोपीत राहते. पहाटे अंधारात तोड सुरू होते आणि वाहन भरून रवाना होईपर्यंत आईवडील परत येत नाहीत. कोपीत थांबलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी पाणी भरते, धाकट्यांना खाऊ घालते आणि चूल पेटवते. शाळेचे जवळजवळ संपूर्ण दुसरे सत्र अशा रीतीने जाते. सलग दोन-तीन हंगाम असे गेले की ते मूल वर्गात बसले तरी त्याला फळ्यावरचे वाचता येत नाही, आणि मग ते स्वतःच शाळा नको म्हणते.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न दोन्ही बाजूंनी आहे. येथील कोरडवाहू गावांतून कुटुंबे बाहेर जातात आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे येथील कारखान्यांवर येतात. त्यामुळे आम्हाला दोन वेगवेगळी कामे करावी लागतात.

पहिले काम मूल गावातच ठेवण्याचे आहे. गाव सोडणाऱ्या कुटुंबात आजी, आजोबा किंवा चुलते मागे राहणार असतील, तर मूल त्यांच्याकडे राहू शकते. पण म्हाताऱ्या आजीला दोन वेळचे रांधणे आणि मुलाचा अभ्यास झेपत नाही. शासनाच्या हंगामी वसतिगृह योजनेत शाळा व्यवस्थापन समितीमार्फत अशा मुलांच्या जेवणाची सोय करता येते. तिचा प्रस्ताव वेळेत जावा, यादी बरोबर असावी आणि अनुदान येईपर्यंत चूल थांबू नये, एवढी जबाबदारी आम्ही उचलतो. सायंकाळी गावातीलच एखादी बारावी किंवा पदवी झालेली ताई मुलांचा अभ्यास घेते आणि तिला मंडळ मानधन देते. आईवडिलांशी मुलांचे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी फोनवर बोलणे करून द्यावे, यावर आमचा फार कटाक्ष असतो. आईचा आवाज ऐकला नाही की लहान मुले जेवत नाहीत, आणि मुलाने जेवण सोडल्याचे कळले की आई त्याला तळावर बोलावून घेते.

दुसरे काम तळावरच्या मुलांचे. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वर्षाच्या मध्यावर आला म्हणूनही त्याला परत पाठवता येत नाही. गाव सोडताना मूळ शाळेने ‘शिक्षण हमी कार्ड’ दिले असेल, तर नव्या शाळेला मुलाचा वर्ग आणि अध्ययनस्तर लगेच कळतो. प्रत्यक्षात बहुतेक पालकांना या कार्डाची माहिती नसते. आमचे कार्यकर्ते हंगाम सुरू होताच तळावर जातात, मुलांची नावे घेतात, जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटतात आणि मुलांच्या जाण्यायेण्याची व्यवस्था लावतात. सहा वर्षांखालच्या मुलांना जवळच्या अंगणवाडीत दाखल करणे हाही याच कामाचा भाग आहे, कारण धाकटे भावंड अंगणवाडीत बसले तरच थोरली मुलगी शाळेत जाऊ शकते.

जिल्हा परिषदेच्या शाळा असताना वेगळी संस्था कशाला? आपण स्वतःची शाळा का काढत नाही?

आम्ही शाळा काढणार नाही. गावात आधीपासून शाळा आहे, इमारत आहे, शिक्षक आहेत आणि ती गावाच्या मालकीची आहे. तिच्या शेजारी दुसरी शाळा उभी केली तर पट विभागला जातो आणि दोन्ही शाळा दुबळ्या होतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत काय घडू शकते हे माढा तालुक्यातील परितेवाडीने जगाला दाखवले आहे. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याचा त्यांचा प्रयोग पुढे राज्यभर गेला.

आमची जागा शाळेच्या बाजूला आणि शाळेनंतरच्या वेळात आहे. कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात. ही समिती कागदावर न राहता खरोखर बसावी, तिने हजेरीपट पाहावा, पोषण आहार चाखावा, शिक्षकांच्या अडचणी ऐकाव्यात आणि गरज पडल्यास पंचायत समितीत जाऊन बोलावे, यासाठी आम्ही पालकांना तयार करतो. शिक्षकांवर टीका करणे हे आमचे काम नाही. दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग असलेल्या शाळेत जे गुरुजी रोज उभे राहतात, त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे.

अभ्यासवर्गात कोणत्या भाषेत शिकवले जाते?

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागात अनेक घरांत कन्नड बोलली जाते, तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते, काही घरांत दखनी, तर शहरालगतच्या विणकर आणि विडी कामगार वस्त्यांत तेलुगू बोलली जाते. पहिलीतले मूल वर्गात गप्प बसते, तेव्हा ते मंद नसते. त्याला गुरुजींचे शब्द कळत नसतात. म्हणून अभ्यासवर्गाची ताई शक्यतो त्याच वस्तीतील निवडली जाते. ती घरच्या भाषेतून समजावते आणि हळूहळू शाळेच्या भाषेकडे नेते. कन्नड माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना मराठी माध्यमाकडे ओढण्याचा प्रयत्न आम्ही करत नाही.

मुलींसाठी वेगळे काय आहे?

सातवी किंवा आठवीनंतर पुढचा वर्ग दुसऱ्या गावात असतो, आणि मुलीची शाळा तिथेच सुटते. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, ही मोठीच सोय आहे. परंतु पास असून गाडीच वस्तीपर्यंत येत नसेल किंवा शाळा सुटण्याच्या वेळेशी जुळत नसेल, तर पासाचा उपयोग होत नाही. अशा ठिकाणी गावकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज घेऊन आगार व्यवस्थापकांकडे पाठपुरावा करणे, फाट्यापर्यंतच्या अंतरासाठी मुलींना सायकली देणे आणि त्या सायकलींच्या दुरुस्तीची गावातच व्यवस्था लावणे ही कामे आम्ही करतो. सायकल वर्षभरात पंक्चर होऊन पडून राहणार असेल तर ती देऊन काय उपयोग, हा विचार आधी करावा लागतो.

बालविवाह हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. ऊसतोडीला एक कोयता वाढतो म्हणूनही कोवळ्या वयात लग्ने लावली जातात, आणि वयात आलेल्या मुलीला गावात एकटी कशी ठेवावी या भीतीनेही लावली जातात. २००६ च्या कायद्यानुसार मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण असावे लागते आणि गावपातळीवर ग्रामसेवकांवर प्रतिबंध अधिकारी म्हणून जबाबदारी आहे. असे लग्न ठरल्याचे कळल्यास १०९८ या क्रमांकावर कोणालाही कळवता येते. आमचे कार्यकर्ते आधी घरी जाऊन बोलतात, पण तारीख जवळ आली असेल तर वाट पाहत बसत नाहीत. मुलीच्या राहण्याची आणि पुढच्या शिक्षणाची सोय दाखवली की बरेचसे पालक थांबतात, हा आमचा अनुभव आहे. त्यांच्यावर नुसता कायद्याचा बडगा उगारला तर लग्न रातोरात दुसऱ्या गावी लागते.

शिष्यवृत्ती मिळवून देता का?

शिष्यवृत्ती आम्ही देत नाही. शासनाच्या ज्या शिष्यवृत्त्या आहेत, त्या मुलापर्यंत पोहोचवतो. आठवीत एनएमएमएस (आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती) परीक्षा उत्तीर्ण होऊन गुणवत्ता यादीत आलेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे आणि मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असावे. चार वर्षांचे ४८,००० रुपये शेतमजुराच्या घराला किती मोठे असतात हे वेगळे सांगायला नको. पाचवीतील मुलांची मोहोळ तालुक्यातील पोखरापूरच्या जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेसाठीही तयारी करून घेतली जाते.

हुशार मुले अभ्यासात कमी पडत नाहीत, ती कागदपत्रांत अडकतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे असा घोळ असतो आणि पैसे मंजूर होऊनही खात्यावर येत नाहीत. उत्पन्नाचा दाखला काढायला वडिलांना दोन-तीन दिवसांची मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागते. यासाठी जून आणि जुलैमध्ये गावातच कागदपत्रांची शिबिरे भरवली जातात.

पालावर राहणाऱ्या भटक्या-विमुक्त कुटुंबांचा यात समावेश आहे का?

आहे, आणि त्यांना प्राधान्य आहे. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. सोलापूर शहरातील सेटलमेंटचा, म्हणजे या जमातींना डांबून ठेवलेल्या वसाहतीचा, इतिहास जाणणाऱ्यांना त्या कायद्याने माणसांच्या आयुष्याचे काय केले हे ठाऊक आहे. आजही पाल पारधी, वैदू, डोंबारी कुटुंबांकडे जातीच्या दाखल्यासाठी लागणारा २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा नसतो, कारण त्या काळी त्यांना कोणी गावात स्थिर राहूच दिले नव्हते. अशा वेळी गृहचौकशीच्या मार्गाने दाखला मिळवण्यासाठी आमचे कार्यकर्ते तहसील आणि प्रांत कार्यालयात सोबत जातात. हे काम संथ आहे, त्यात एकेका कुटुंबामागे महिने जातात आणि देणगीदारांना दाखवण्यासारखे त्यात काही नसते. तरीही जिल्ह्यातील सर्वांत गरजू मुले पालावरच आहेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

बचत गट तर सगळीकडे आहेत. आपण त्यात वेगळे काय करता?

नवे गट काढण्याची घाई आम्ही करत नाही. ‘उमेद’ अभियानातून आणि महिला आर्थिक विकास महामंडळाच्या माध्यमातून बहुतेक गावांत गट आहेत. त्यांतील बंद पडलेले गट उभे करणे आणि चालू गटांचा हिशोब बायकांना स्वतःला कळेल इतका स्वच्छ ठेवणे, हे काम आम्ही करतो. बारा जणींनी दरमहा दोनशे रुपये टाकले तर वर्षाला २८,८०० रुपये होतात. ही रक्कम मोठी नाही, पण आजारपणात किंवा पेरणीच्या तोंडावर सावकाराकडे किंवा मुकादमाकडे जाण्यापासून ती एखाद्या घराला वाचवते. उचल कमी घेतली की हंगामाला जाण्याची सक्ती कमी होते, आणि म्हणूनच आमच्या दृष्टीने बचत गट हा शिक्षणाच्या कामाचाच भाग आहे.

उद्योगाच्या बाबतीत आम्ही या भूमीत जे पिकते आणि बायकांच्या हातात जे आधीपासून आहे, त्यापासून सुरुवात करतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. सोलापूरची कडक भाकरी आणि उखळात कुटलेली शेंगा चटणी पुण्या-मुंबईपर्यंत जाते. कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते, त्यामुळे लहान गटालाही ती करून साठवता येते आणि सवडीने विकता येते. येथे खरी शिकवण्यासारखी गोष्ट पाककृतीची नसते, किमतीची असते. ज्वारी आणि शेंगदाणे घरचे आहेत म्हणून बायका ते हिशोबात धरत नाहीत, जळण धरत नाहीत आणि स्वतःची मजुरी तर कधीच धरत नाहीत. चटणीचे पाकीट विकून चार पैसे हातात आले की नफा झाला असे वाटते, प्रत्यक्षात दिवसभराचे श्रम फुकट गेलेले असतात. त्यामुळे प्रत्येक गटाबरोबर बसून आधी मजुरीसह उत्पादन खर्च काढला जातो, त्यानंतर अन्न सुरक्षा नोंदणी, वेष्टन आणि लेबल या गोष्टी येतात. जिथे हिशोब बसत नाही तिथे तो उद्योग सुरू करू नये असे आम्ही स्पष्ट सांगतो.

शिलाई यंत्रे वाटण्याची मागणी खूप येते. सोलापुरात गणवेश शिवण्याचा उद्योग मोठा आहे, त्यामुळे शहरालगतच्या गावांत जिथे नियमित काम मिळण्याची शक्यता असते तिथे प्रशिक्षण दिले जाते. दूरच्या वस्तीवर मात्र वाटलेली यंत्रे बहुधा कपड्याखाली झाकून ठेवलेली आढळतात.

शेळीच का? गाय किंवा म्हैस का देत नाही?

भूमिहीन कुटुंबाला गायीचा चारा विकत घ्यावा लागतो आणि दुष्काळात ती पोसणे अशक्य होते. शेळी माळावर, बांधावर आणि बाभळीच्या शेंगांवर जगते. आपल्याकडची उस्मानाबादी जात या हवामानाला सरावलेली आहे, बऱ्याचदा जुळी करडे देते आणि अडचणीच्या वेळी एखादा बोकड विकून घरखर्च भागवता येतो. शेळी घराच्या एखाद्या माणसाला वर्षभर गावात थांबवते, हा तिचा आम्हाला दिसलेला सर्वांत मोठा फायदा आहे.

शेळी फुकट दिली जात नाही आणि तिच्यावर व्याजही लावले जात नाही. तिच्यापासून झालेली पहिली पाट (मादी करडू) चार-पाच महिन्यांची झाली की ती त्याच गावातील पुढच्या महिलेला द्यायची, एवढीच अट असते. कोणाला द्यायची हे गट ठरवतो. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस, पीपीआर या शेळ्यांच्या साथरोगाची लस, वेळच्या वेळी जंतनाशक आणि कानातल्या बिल्ल्यासह विमा यांची जबाबदारी गावातील प्रशिक्षित ‘पशुसखी’ घेते. व्यापारी हाताने उचलून अंदाजाने बोकडाचा भाव करतो, तिथे काट्यावर वजन करून विकण्याची सवय लावल्यामुळे बायकांच्या हातात अधिक पैसे येऊ लागले आहेत. बकरी ईदच्या आधी भाव चढतात हे लक्षात घेऊन विक्रीचे नियोजनही करता येते.

कोणत्या कुटुंबाला मदत द्यायची हे कसे ठरते?

यादी गावासमोर वाचली जाते. ग्रामसभेत किंवा वस्तीच्या बैठकीत स्थलांतर करणारी, भूमिहीन, एकल महिलेवर चालणारी आणि अपंग व्यक्ती असलेली कुटुंबे लोक स्वतः सांगतात. त्यानंतर कार्यकर्ते घरोघर जातात, कारण बैठकीला जे येतात तेच नेहमी सर्वांत गरजू असतात असे नाही. विधवा, परित्यक्ता आणि गावकुसाबाहेरच्या घरांतील बायका सभेत बोलत नाहीत. त्यांना त्यांच्या उंबऱ्यावर जाऊनच विचारावे लागते. जात, धर्म किंवा पक्ष पाहून मदत दिली जात नाही आणि कोणाच्या चिठ्ठीवरूनही दिली जात नाही.

दुष्काळात किंवा पुरात काय करता?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळा आणि सोलापूर लगतच्या गावांत घरे, पिके आणि जनावरे नेली. ज्या जिल्ह्याला दुष्काळाची सवय आहे तिथे पुराला कसे तोंड द्यावे हे कोणाला ठाऊक नव्हते. अशा आपत्तीनंतर पहिल्या आठवड्यात शिधा आणि कपडे घेऊन पुष्कळ लोक येतात, ते चांगलेच आहे. आम्ही त्यापुढच्या महिन्यांचा विचार करतो. पुस्तके आणि दप्तरे भिजलेली असतात, दाखले वाहून गेलेले असतात, पंचनाम्यात नाव आलेले नसते आणि बियाण्यासाठी पैसा नसतो. नेमक्या याच काळात, कधीही ऊसतोडीला न गेलेली घरे मुकादमाची उचल घेतात. म्हणून आपत्तीनंतरच्या हंगामात देणगीची गरज अधिक असते.

जुने कपडे, खेळणी, पुस्तके स्वीकारता का?

कपडे स्वीकारत नाही. मराठी आणि कन्नड बालसाहित्याची चांगल्या स्थितीतील पुस्तके, शब्दकोश आणि नकाशे आनंदाने स्वीकारतो.

देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळते का?

मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असून ‘८०जी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीस पात्र आहे. ही सवलत सर्वसाधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर आणि उत्पन्नाशी निगडित मर्यादेत मिळते, मात्र नव्या करप्रणालीची निवड केलेल्या करदात्याला ती मिळत नाही. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर आणि वस्तुरूप देणगीवरही ती मिळत नाही, त्यामुळे धनादेशाने किंवा बँकेमार्फत रक्कम द्यावी ही विनंती. पावतीबरोबर पॅन क्रमांक दिला नाही तर वर्षअखेरीचे देणगी प्रमाणपत्र देता येत नाही.

परदेशी नागरिकांची देणगी आम्ही घेऊ शकत नाही, कारण त्यासाठी २०१० च्या परकीय अंशदान नियमन कायद्याखालची नोंदणी लागते आणि ती आमच्याकडे नाही. परदेशात राहणारे, परंतु भारतीय पारपत्र असलेले सोलापूरकर नेहमीच्या बँकमार्गाने स्वतःच्या बचतीतून देणगी देऊ शकतात. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आम्ही स्वीकारतो, पण किमान तीन वर्षांची बांधिलकी असेल तरच. एका वर्षाच्या निधीवर मुलीला आठवीत शाळेत आणून नववीत वाऱ्यावर सोडणे आम्हाला योग्य वाटत नाही.

पैशाचा हिशोब कोणाला पाहता येतो?

लेखापरीक्षित हिशोब दरवर्षी धर्मादाय आयुक्त कार्यालयात सादर होतो आणि देणगीदाराने मागितल्यास त्याची प्रत पाठवली जाते. याखेरीज प्रत्येक गावात त्या गावापुरता झालेला खर्च शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला जातो. शेळी कितीला घेतली आणि ताईचे मानधन किती, हे ज्या बायकांच्या नावावर खर्च पडतो त्यांना कळलेच पाहिजे. बाजारभाव त्यांना आमच्यापेक्षा चांगला ठाऊक असतो आणि चूक असेल तर त्या तिथल्या तिथे बोलतात.

मानधन आणि प्रवास यांवर खर्च का होतो, असेही विचारले जाते. बहुतांश खर्च माणसांवरच होतो, कारण हे काम माणसेच करतात. कार्यकर्तीला वेळेवर आणि सन्मानाने मानधन न देणारी संस्था गावातल्या उपजीविकेविषयी बोलू शकत नाही, असे आमचे मत आहे.

स्वयंसेवक म्हणून काम करता येईल का? एक दिवसासाठी येता येईल का?

एका दिवसाच्या भेटीत मुलांशी काम करू दिले जात नाही. कागदपत्रांची शिबिरे, हिशोब, संगणकावरील नोंदी आणि विक्री यांसाठी थोड्या दिवसांची मदत उपयोगी पडते. मुलांबरोबर काम करायचे असेल तर किमान एक सत्र नियमित यावे लागते, ओळखीची आणि चारित्र्याची पडताळणी होते आणि बालसंरक्षणाच्या नियमांवर सही करावी लागते. मुलाला एकट्याला घेऊन कुठेही जायचे नाही आणि मुलांचे छायाचित्र नावागावासह कोठेही टाकायचे नाही, हे दोन नियम कोणासाठीही शिथिल होत नाहीत. मदत घेताना हात पुढे केलेल्या बाईचे किंवा मुलाचे छायाचित्र आम्ही काढत नाही आणि देणगीदारालाही काढू देत नाही. तीच मुलगी उद्या शिक्षिका किंवा तलाठी होऊन त्याच गावात येणार आहे.

एखाद्या गावातले काम कधी थांबवता?

शाळा व्यवस्थापन समिती आमच्याशिवाय नियमित बसू लागली, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळेने स्वतःहून पाठवला, गटाचे पुस्तक गटातीलच बाई लिहू लागली आणि सलग काही हंगामांत शाळकरी मुले तळावर गेली नाहीत, की आम्ही हळूहळू मागे येतो. किती मुलांना दप्तरे दिली हा आकडा आम्ही मोजत नाही. दिवाळीनंतरची हजेरी आणि होळीच्या वेळची हजेरी यांतील फरक मोजतो. हे काम कर्मवीर भाऊराव पाटील आणि बार्शीचे कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांच्या वाटेवरचे आहे असे आम्ही मानतो. त्यांनी खेड्यातल्या गरीब मुलाच्या जेवणाची आणि राहण्याची सोय आधी केली, म्हणून त्या मुलांचे शिक्षण पुढे गेले.

आमच्या गावात हे काम सुरू व्हावे यासाठी काय करावे?

शाळा व्यवस्थापन समितीचा किंवा ग्रामसभेचा ठराव आणि गावातील किमान दोन जणांची, त्यात एक महिला असावी, संपर्कासाठी नावे घेऊन अर्ज करावा. अर्ज आल्यावर कार्यकर्ते गावात येऊन राहतात, शाळेत आणि वस्त्यांवर फिरतात आणि मगच होकार किंवा नकार कळवला जातो. जागा, जेवणासाठी लागणारे जळण किंवा धान्य यांपैकी काहीतरी गावाने द्यावे अशी अपेक्षा असते आणि ते कितीही थोडे असले तरी चालते. अर्ज वर्षभर स्वीकारले जातात, मात्र स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची गावाने केलेली यादी भाद्रपद संपण्यापूर्वी आमच्या हाती आली, तरच येत्या हंगामात त्या मुलांच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय करता येते.